चौदाव्या शब्दाचं उदाहरण

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या यादीतला एकही शब्द माझ्या मनाचा नाही. चौदाच्या चौदा शब्द इंग्रजी डिक्शनरीतले आहेत आणि डिक्शनरी काही मी लिहिलेली नाही. उदाहरणं मात्र माझी आहेत, हे मी नाकारत नाही. नाकारायची सोयच मी ठेवली नव्हती, पण ते पुढे येईलच.

आमच्या मुलीची स्पर्धा परीक्षा तोंडावर आली होती. इंग्रजीच्या पेपरात अवघड शब्द विचारतात म्हणे. यंदा क्लासच्या सरांनी राज्यकारभार, सत्ता आणि भ्रष्टाचार या विषयांवरचे चौदा शब्द काढून दिले होते. शब्द कसले, दात पाडायची हत्यारं! क्लेप्टोक्रसी म्हणजे चोरांचं राज्य. काकिस्टोक्रसी म्हणजे सगळ्यात नालायक माणसांचं राज्य. स्नॉलीगोस्टर म्हणजे हुशार पण तत्त्वशून्य राजकारणी. पोरगी चार दिवस घोकत होती आणि पाचव्या दिवशी चोर कुठले नि नालायक कुठले, सगळी खिचडी करून बसली. शेवटी रडकुंडीला आली.

"बाबा, तेरा शब्द डोक्यात राहतच नाहीत हो. फक्त चौदावा राहतो."

"राहतील कसे?" मी म्हटलं. "समोर उदाहरण नको? नुसता अर्थ कुणाच्या लक्षात राहतो? आण इकडे."

गेली चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावकला आहे. बाहेरचा कोणताही कागद आत यायचा तर आधी माझ्या टेबलावर येतो, माझा शिक्का आणि माझा क्रमांक घेतो, मगच पुढे सरकतो. लोक म्हणतात, शिक्का तर मारायचा. म्हणू देत. समास दीड इंच नसेल तर अर्ज परत. टाचणी उजव्या कोपऱ्यात असेल तर परत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तारखेत महिना आकड्यात लिहिला होता, त्यांना मी चार वेळा तीन मजले चढायला लावले. पाचव्यांदा ते आलेच नाहीत. शिस्त लागली असावी. मुलीच्या मैत्रिणीचा अर्ज मी मुलीच्या देखत परत केला होता. मैत्री वेगळी, समास वेगळा. तर सांगायचा मुद्दा असा की, या चौदा शब्दांना उदाहरणं शोधायला मला घराबाहेरही जावं लागणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी बसलो. काकिस्टोक्रसी: उदाहरणार्थ, आमचा तिसरा मजला. सॅट्रप, म्हणजे वरच्याच्या जिवावर आपल्या तुकड्यात अरेरावी करणारा सुभेदार: उदाहरणार्थ, टेबल क्रमांक दोनच्या बाई. मगवंप, म्हणजे कुठल्याच बाजूला न जाता कुंपणावर बसून राहणारा: आमचे हेडक्लार्क. स्नॉलीगोस्टर: उपसाहेब, दुसरं कोण? सिनेक्युअर, म्हणजे काम शून्य आणि पद मोठं: मोठ्या साहेबांचे मेहुणे, जे आमच्याकडे समन्वयक आहेत आणि कशाचा समन्वय करतात ते त्यांनाही ठाऊक नाही. एम्प्लिओमेनिया, म्हणजे सरकारी खुर्चीचं वेड: खुद्द मोठे साहेब, दोन वेळा मुदतवाढ. मुलगी हसून हसून लोळत होती आणि एकेक शब्द पाठ होत होता. आमची ही स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली, "अहो, हळू बोला. भिंती पातळ आहेत."

चौदावा शब्द जॅक-इन-ऑफिस. हातात चिमूटभर अधिकार आणि तोरा मात्र राजाचा, असा किरकोळ कर्मचारी. मी पेन कपाळाला लावून खूप विचार केला.

"चौतीस वर्षांत असा माणूस काही माझ्या पाहण्यात नाही," मी म्हणालो.

मुलगी एकदम वहीत वाकली. "राहू द्या बाबा. तो माझा पाठ आहे."

पण अर्धवट कागद मला सहन होत नाही. ती जागा कोरी ठेवली, म्हटलं उद्या जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी आठवेल, आणि यादी घडी करून पिशवीत टाकली. यादीच्या वर मी सवयीने 'विषय' आणि 'संदर्भ' घातला होता. खाली, तेही सवयीनेच, संपूर्ण सही, हुद्दा आणि तारीख. माझ्या हातून बिनसहीचा कागद सुटत नाही. वाण्याच्या यादीवरसुद्धा मी सही करतो.

आता कागदाबद्दल. पाठकोरे कागद वापरून काटकसर करा, असं परिपत्रक आमच्याकडे आहे. त्याचा मसुदा माझाच. तेव्हा यादी मी एका जुन्या स्मरणपत्राच्या जादा प्रतीच्या पाठीवर लिहिली होती. स्मरणपत्र माझ्याच खुर्चीमागच्या खिडकीचं. त्या खिडकीची काच फुटून दीड वर्ष झालं, तिथे पुठ्ठा लावलाय, आणि वाऱ्याने पुठ्ठा पडला की तो माझ्याच डोक्यात पडतो. काचेसाठी मी आठ स्मरणपत्रं दिली होती. आठांचा मजकूर एकच, फक्त क्रमांक वेगळा. नववं लिहून त्याच पिशवीत ठेवलं होतं, ते शुक्रवारी सकाळी दिलं. पिशवीतून कागद काढला, वर 'स्मरणपत्र' वाचलं, भोक पाडलं, फायलीत टॅगला लावला, पान क्रमांक बारा घातला आणि शिपायाबरोबर फाईल बाईंच्या टेबलावर पाठवली.

साडेबाराला डबा काढायला पिशवीत हात घातला तर हाताला नववं स्मरणपत्र लागलं.

   डबा पिशवीतच राहिला आणि मी नुसता त्या स्मरणपत्राकडे बघत बसलो. फायलीत बारावं पान म्हणून काय लागलंय, ते माझ्या डोळ्यांसमोर सहीसकट उभं राहिलं.

माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. ऐन निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालेल्या माणसाचं काय होतं, ते आम्ही रोज बघतो. आमच्या व्हरांड्यात एक गृहस्थ फिरत असतात, त्यांना सगळे पिशवीवाले म्हणतात. शेवटच्या महिन्यात चौकशी लागली, पेन्शन अडकलं, त्याला आठ वर्षं झाली. पिशवीत कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जातात. पूर्वी ते मला 'नमस्कार' म्हणायचे, हल्ली नुसते हसतात. मला व्हरांड्यात दोन पिशवीवाले दिसायला लागले.

धावत बाईंकडे गेलो. फाईल समोरच होती, ढिगात तिसरी. तिचं निळं कव्हर मला दिसत होतं.

"बाई, खिडकीची फाईल जरा परत द्या. एक कागद चुकून लागलाय."

बाईंनी चष्मा खाली केला. "तुम्ही स्वतः आलात? चौतीस वर्षांत कधी टेबल सोडलं नाहीत."

"द्या हो जरा."

"लेखी अर्ज द्या," बाई म्हणाल्या. "आवक झालेला कागद कारण नमूद केलेल्या लेखी अर्जाशिवाय परत मिळणार नाही. नियम तुमचाच आहे. मला गेल्या वर्षी तीनदा लिहायला लावलात."

अर्ज लिहायला बसलो. विषय लिहिला. आणि 'कारण' या शब्दापाशी पेन थांबलं. कारण काय लिहू? आपणास सॅट्रप म्हटल्यामुळे? मी तीन कागद फाडले. माझ्या कपाळावरचा घाम बाई बघत होत्या आणि त्यांच्या मनात भलतंच गणित चालू होतं. हा गृहस्थ स्वतः आला, घामाघूम झाला, कारण सांगत नाही, म्हणजे या फायलीसाठी वरून कोणाचा तरी दट्ट्या आहे! मी चौथा कागद घेईपर्यंत बाईंनी फाईल ओढली, न बघता सही ठोकली आणि शिपायाला म्हणाल्या, "हेडक्लार्कना दे. पळ. माझ्याकडे अडकली असं कोणी म्हणायला नको."

जी फाईल दीड वर्ष जागची हलली नव्हती ती धावत सुटली, आणि तिच्या मागे मी!

हेडक्लार्क भला माणूस. कधी हो म्हणत नाही, कधी नाही म्हणत नाही. त्यांच्याकडे एकेक फाईल महिनाभर मुरते, म्हणून मला जरा हायसं वाटलं. मी दारात धापा टाकत उभा राहिलो.

"कोणाचा फोन आलाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणाचाही नाही हो. शपथ. फक्त फाईल द्या."

"कोणाचाही नाही म्हणजे फारच वरचा दिसतोय," ते म्हणाले आणि पांढरे पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका मिनिटात निर्णय घेतला. सही करून शिपायाला म्हणाले, "उपसाहेब गाडीत बसतायत, तिथेच सही घे."

मी जिन्यावरून खाली धावलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी तीन मजले धावत उतरणं म्हणजे काय, ते त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारायला हवं होतं. आवारात पोचलो तेव्हा उपसाहेब गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून सही करत होते आणि शिपायाने फाईल उघडून धरली होती. बाराव्या पानाच्या मागच्या बाजूला! उपसाहेब फोनवर बोलत होते. पानाखाली एक सही दिसली, तिच्याशेजारी त्यांनी काहीतरी खरडलं आणि गाडी निघून गेली. मी शिपायाला हाक मारली. हाक कसली, घशातून नुसती हवा आली. तो फाईल घेऊन वर मोठ्या साहेबांच्या दालनात गेला आणि पाचच मिनिटांत मोकळ्या हातांनी बाहेर आला.

"झालं तुमचं काम," शिपाई म्हणाला. "साहेबांनी बॅगेत घातली. शनिवार-रविवार घरी वाचतात ना ते. पुढून मागून, सगळं वाचतात."

मला बसायला खुर्ची हवी होती. खुर्ची नव्हती, म्हणून मी जिन्यावर बसलो.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अन्न जात नव्हतं. फोन वाजला की मी हिला उचलायला लावायचो. शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली तेव्हा मी चक्क न्हाणीघरात जाऊन कडी लावली. दूधवाला होता, महिना झाला म्हणून आला होता. मुलीला मी काही सांगितलं नाही, तिची परीक्षा आठवड्यावर. पण हिच्यापासून काय लपणार? हिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सही कशाला केलीत?"



भिंती पातळ असल्यामुळे संध्याकाळी शेजारचे निवृत्त बेलीफ आपसूक हजर झाले. त्यांनी हयातभर लोकांच्या दारावर समन्स चिकटवली आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या संकटात त्यांना फार उत्साह येतो.

"राव, तीन रस्ते आहेत," ते पाय पसरत म्हणाले. "एक, अक्षर माझं नाही म्हणायचं."

"सही आहे."

"सहीही माझी नाही म्हणायचं."

"हुद्दा आहे. तारीख आहे. संदर्भ क्रमांक आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "गुन्हेगारसुद्धा इतकं व्यवस्थित काम करत नाहीत हो. बरं, दोन. डोक्यावर परिणाम झालाय असं डॉक्टरचं सर्टिफिकेट काढायचं. दीड वर्ष पुठ्ठा पडतोय ना डोक्यात? मग! तीन, आपणच आपल्याविरुद्ध निनावी तक्रार करायची. चौकशी कुठेतरी दुसरीकडे सुरू झाली की इथली थंडावते."

"ती तक्रार आवक कोण करणार?"

"तुम्हीच."

"निनावी अर्ज मी स्वीकारत नाही," मी म्हणालो. भीतीने अर्धा झालो होतो, तरी हे मला म्हणावंच लागलं. बेलीफ उठले आणि जाताना हिला सांगून गेले की पिशवी मात्र चांगली मजबूत बघून घ्या, वर्षानुवर्षं वापरावी लागते. त्या रविवारी मी खरोखर दोनदा उठून पिशवीचे बंद ओढून बघितले.

सोमवारी अकरा वाजता शिपाई आला. "मोठ्या साहेबांनी बोलावलंय." त्याने 'लगेच' म्हटलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

साहेब लहानखुरे, मऊ आवाजाचे. मोठ्या आवाजाचा साहेब परवडतो, मऊ आवाजाचा नाही. टेबलावर फाईल, फायलीत बारावं पान, उलटं उघडलेलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. 

"एम्प्लिओमेनिया," साहेबांनी वाचलं. "सरकारी खुर्चीचं वेड. उदाहरणार्थ, मोठे साहेब, दोन वेळा मुदतवाढ." त्यांनी वर पाहिलं. "तीन वेळा. तिसरी शुक्रवारी आली. दुरुस्त करा."

माझ्या हाताने पेन काढलं, दोन खोडलं, तीन लिहिलं आणि शेजारी लघुस्वाक्षरी केली. मी केलं नाही, हाताने केलं.

"सिनेक्युअर. उदाहरणार्थ, मोठ्या साहेबांचे मेहुणे. हे मी घरी मोठ्याने वाचलं. मिसेस शनिवारपासून माझ्याशी बोलत नाहीत." त्यांनी कागदावर बोट टेकवलं.  "कोणासाठी केलीत ही यादी?"

"मुलीसाठी, साहेब. परीक्षा आहे तिची. उदाहरणाशिवाय लक्षात राहत नव्हतं." मी हात जोडले. "साहेब, पाच महिने राहिलेत माझे. तिचं सगळं व्हायचंय अजून. चूक झाली. पाया पडतो."

"मी तुम्हाला आज निलंबित करू शकतो," साहेब म्हणाले. "पण मग पुरावा म्हणून हा कागद लावावा लागेल. सहा प्रती निघतील. प्रत्येक टेबल वाचेल. आत्तापर्यंत कोणीही वाचलेला नाही. हे बघा, उपसाहेबांनी काय लिहिलंय."

मी वाकून पाहिलं. माझ्या सहीशेजारी उपसाहेबांचा शेरा होता: 'वरील सर्व मुद्द्यांशी सहमत.'

"तेव्हा हा कागद फायलीत कधी नव्हताच," साहेब म्हणाले आणि त्यांनी टॅगमधून पान हळूच ओढलं.

सुटलो होतो मी. दार चार पावलांवर होतं. कोणीही शहाणा माणूस नमस्कार करून बाहेर पडला असता.

"साहेब, तसं करता येणार नाही," मी म्हणालो.

साहेबांचा हात थांबला.

"पान क्रमांक बारा पडलाय. मध्येच पान काढायचं तर कारण नमूद करून टिपणी लागते. नाहीतर अकरानंतर तेरा येईल."

हे मी का बोललो, मला विचारू नका. आतून मी ओरडत होतो की अरे गप्प बस, गप्प बस, मरशील! पण तोंड चौतीस वर्षांच्या सवयीने चालत होतं. साहेबांनी पान खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला आणि एखादं कोडं सुटल्यासारखं त्यांनी मान डोलावली. हिरव्या शाईचं पेन काढलं, कागदावर खाली काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"तुमची एक जागा कोरी होती. जा आता. तुमच्यावर कारवाई करण्याएवढं काही नाही. आणि ते नववं स्मरणपत्र आणून बारा नंबरला लावा. खिडकी मंजूर."

घडी मी जिन्यात उघडली. चौदाव्या शब्दासमोर, जॅक-इन-ऑफिससमोर, हिरव्या शाईत लिहिलं होतं: 'आवक-जावक कारकून, तिसरा मजला.' खाली लघुस्वाक्षरी.

मी दोन दिवस ज्या माणसाला भीत होतो त्याने मला सोडून दिलं होतं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण आनंद झाला नाही. स्नॉलीगोस्टर घातक असतो, सॅट्रप त्रास देतो. जॅक-इन-ऑफिससाठी मात्र सहा प्रती काढायचीसुद्धा गरज नव्हती. समोरून पिशवीवाले जिना चढत होते. मी पहिल्यांदाच त्यांना आपणहून नमस्कार केला. ते इतके दचकले की त्यांचा कठड्यावरचा हात सुटता सुटता राहिला.

घरी आलो. ही दारातच उभी होती. सुटलो म्हणून मी मान हलवली, तशी ती मटकन खुर्चीत बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मुलगी आत अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर बसलो, यादी टेबलावर ठेवली, हिरव्या शाईवर हात ठेवून.

"चौदाव्याचं उदाहरण सापडलं," मी म्हणालो. "लिहून घे."

"बाबा, राहू द्या ना. तो पाठ आहे म्हटलं ना मी."

"वही दाखव."

ती नको नको म्हणत होती, पण मी वही ओढली. चौदा शब्द ओळीने. चौदाव्यासमोर पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'बाबा (फक्त ऑफिसात).'

मुलगी खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं, बापासारखं, मोठ्या मनाचं. पण अशा वेळी मला एकच बोलता येतं.

"नोंदीखाली तारीख नाही," मी म्हणालो.

तिने पेन्सिल उचलली आणि तारीख घातली. क्लासमध्ये शब्द मिळाले त्या पहिल्या दिवसाची.